हळद लागलेला गालिचा

गालिच्याला राख फासायची असते, हे जयवंतीनं नऊ वर्षांच्या नोकरीत कुठंच ऐकलं नव्हतं. राखेनं भांडी घासतात, मिरचीच्या रोपांवर राख टाकतात, ठीक आहे. पण लोकरीच्या गालिच्यावर मूठमूठ राख टाकून तो नारळाच्या शेंडीनं घासायचा, ही अक्कल कुणाची, असं तिनं विचारलं. पिकअपच्या मागं उभी असलेली ठकीकाकी पदराशी चाळा करायला लागली आणि तिचा नवरा अनंता खाली बघायला लागला. म्हणजे उत्तर मिळालं.

बुधवारची सकाळ होती. शिमगा होऊन गेला होता, लग्नं सुरू झाली होती आणि जव्हारच्या पठारावर आठ वाजताच ऊन चावायला लागलं होतं. जयवंतीच्या शेडपुढं अर्धवट उलगडून पडलेला तो गालिचा चांगला अठरा फूट लांब होता, चहाच्या चोथ्यासारख्या रंगाचा, आणि मधोमध त्याच्यावर सुपाएवढा लालभडक डाग होता.

"कोंबडं कापलंत की काय याच्यावर?" जयवंतीनं विचारलं.

"हळद हाय," अनंता म्हणाला.

"हळद पिवळी असते, काका."

"पिवळीच होती गं बाय. हिनं कपड्याचा साबण लावला, तं लाल झाली. मग राख लावली, तं आनखीच लाल झाली."

"माझं तं हातपायच गळाले," ठकीकाकी म्हणाली. "म्हटलं, देवाचंच काय तरी चुकलं आपल्याकडून."

"देवाला मधे आणू नका. साबणात खार असतो, राखेत त्याहून जास्त. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुणाच्याही घरी होते." जयवंती डागाजवळ उकिडवी बसली, लोकरीचा एक सुटा धागा उपटून तिनं काडेपेटीनं जाळला आणि हुंगला. जळक्या केसांचा वास आला. अस्सल लोकर. तिचे डोळे चमकले, आणि मग तिनं मान वर करून अनंताकडे नीट बघितलं. "काका, हा वाचनालयाच्या वरच्या हॉलमधला गालिचा ना?"

अनंतानं मान हलवली.

आता इथं जयवंतीबद्दल सांगायला हवं. ती जामसरची. आईबापांच्या नावावर वीतभर जमीन नाही, दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर. जयवंती मात्र नववीनंतर ठाण्याच्या एका मोठ्या हॉटेलात साफसफाईला लागली. तिथं मजलेच्या मजले गालिचे. बाकीच्या बाया पोछा मारून मोकळ्या व्हायच्या, ही मुकादमाच्या मागं मागं फिरून विचारायची, हे काय टाकलं, ते का नाही टाकलं. नऊ वर्षांत मुकादमच हिला विचारायला लागला. हॉटेलनं जुन्या मशीन भंगारात काढल्या तेव्हा तिनं एक उचलली, दुरुस्त केली आणि जव्हारला येऊन शेड टाकली. आता आसपासची रिसॉर्टं, सरकारी सभागृहं, बँकेचा हॉल, सगळीकडे हिचाच हात. आपल्या हाताचा तिला गर्व होता, आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही.

पण वाचनालयाच्या गालिच्याला हात लावायला मिळाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती वाचनालयाचे सचिव हेमंत सर यांच्याकडे स्वतः गेली होती. सर निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं मोजकं. "जुनी वस्तू आहे, बाई," ते म्हणाले होते. "मशीनखाली फाटली तर पुन्हा मिळायची नाही. आमचा अनंता झाडतो ना रोज, तेवढं पुरे." जयवंती निमूट परत आली होती, पण ते मनात राहिलं होतं. आणि आज तोच गालिचा राख फासून तिच्या दारात.

"सरांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

तेव्हा अनंतानं सगळं सांगितलं. त्याच्या मुलीचं, प्रतिक्षाचं, लग्न कालच झालं होतं. व्याही खोडाळ्याचे, मुलाचा बाप क्लार्क, आई अंगणवाडीत. साखरपुड्याला ते आले तेव्हा अनंतानं अंगणात ताडपत्री अंथरली होती. कुणी काही बोललं नाही, पण विहीणबाईंनी बसताना साडीखाली रुमाल पसरला. तो रुमाल अनंताच्या डोळ्यांपुढून हलेना. सोमवारी वाचनालय बंद असतं आणि सोमवारीच हळद होती. वरच्या हॉलची किल्ली त्याच्याच कमरेला. सकाळी गालिचा न्यायचा, संध्याकाळी परत आणून टाकायचा, कुणाला पत्ता लागणार होता?

"मागितला का नाही सरांना?"

"सभापतींच्या घरच्या लग्नाला नाय दिला त्यांनी. मला शिपायाला देतील?"

तर गालिचा ओल्या सारवणावर अंथरला गेला, पाहुणे ऐटीत बसले, नाचणाऱ्यांचा फेर जरा जास्तच जवळ आला आणि हळदीचं पातेलं उलटलं. आणि ते कुणाच्या हातून उलटलं? विहीणबाईंच्याच. ठकीकाकीला हसून म्हणावं लागलं, असू द्या हो, त्यात काय. पाहुण्यांची पाठ फिरल्यावर ती साबण घेऊन बसली, आणि मग राख.

"शनिवारी वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होतात," अनंता म्हणाला. "पालघरहून पाव्हने येनार. वरचा हॉल उघडनार. सव्वीस वर्षं जुडगा माझ्या कमरेला हाय, जयवंती. तीन सचिव बदलले, किल्ल्या कुनी मोजून घेतल्या नाय माझ्याकडून. पगाराचं नाय गं. नोकरीवर ठेवतील पन. जुडगा काढून घेतील. मग मी ह्या गावात कुठल्या तोंडानं फिरू?"

जयवंतीला त्याची दया आली आणि रागही आला. राग जास्त करून त्या राखेचा होता.

"डाग जाईल," ती म्हणाली.

"नक्की?"

"काका, मी 'बघते' म्हटलं असतं तर घाबरायचं. मी 'जाईल' म्हणते आहे."

आधी कोरडं, मग ओलं, हा तिचा पहिला नियम. लोक पाणी ओतून मोकळे होतात आणि आत बसलेल्या मातीचा चिखल करून ठेवतात. तिनं डागाच्या भोवतालचा हातभर भाग उलटा करून बांबूवर टाकला आणि पाठीमागून छडीनं झोडला. राख पडली, वाळलेलं शेण पडलं. मग व्हॅक्युम फिरवला. मग पांढरं फडकं ओलं करून एका कोपऱ्यावर दाबून धरलं, रंग सुटतो का बघायला. फडक्याला पुसटसा हिरवा डाग लागला. म्हणजे गरम पाणी वर्ज्य, आणि घासणं तर मुळीच नाही.

लिंबूसत्त्व गार पाण्यात विरघळवून तिनं फडक्यानं डागावर टिपलं. टिपलं, पुसलं नाही. ठकीकाकी वाकून बघत होती. बघता बघता लाल रंग उतरला आणि तिथं पुन्हा पिवळीधमक हळद दिसायला लागली.

"अगं बाई," ठकीकाकी म्हणाली, "ही तं परत पिवळी झाली."

"झाली ना? आता साबणाचा खार मेला. आता धुते."

लोकरीचं सौम्य औषध घालून तिनं छोटी मशीन लावली, जी पाणी सोडते आणि त्याच दमात मळासकट परत ओढून घेते. तीनदा धुतलं. बरीचशी हळद निघाली, पण पिवळी झाक राहिली. अनंताचा चेहरा पुन्हा उतरला. जयवंतीनं एक जाड गोणपाट आणलं, त्याला डागाच्या मापाचं भोक कापलं आणि ते गालिच्यावर अंथरून सगळा गालिचा उन्हात आडवा टाकला.

"हळदीला ऊन सोसत नाही. लग्नातल्या साडीवरची हळद दोन दिवस दोरीवर टाकली की उडते, ते बघितलंय ना तुम्ही? तसंच. बाकीच्या रंगाला ऊन नको म्हणून गोणपाट. उद्या दुपारी या."

गुरुवारी दुपारी दोघं आली तेव्हा जयवंती शेडच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. तिनं गोणपाट उचललं. हळदीचा मागमूस नव्हता. ठकीकाकीनं हात जोडले. अनंताचा जीव भांड्यात पडला, तो हसला, चक्क मोठ्यानं हसला, आणि हसता हसता मधेच थांबला.

डाग होता तिथं हिरवी पानं दिसत होती. पोपटी, टवटवीत पानं, त्यांच्या मधून दुधासारखी पांढरी जमीन आणि कडेला एक बारीक लाल फूल. आणि त्याच्या चारी बाजूंना तोच जुना, चहाच्या चोथ्याचा रंग. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही दिसलं असतं की इथं काहीतरी झालेलं आहे.

"हे काय केलंस?" अनंता म्हणाला.

"मी काही केलं नाही. गालिचा असाच आहे. तुम्ही सगळे मिळून पंचाहत्तर वर्षं त्याच्यावर चपला घेऊन चाललात."

"मग आता?"

"आता सगळा धुवावा लागेल. आत्ता सुरू केलं तर उद्या संध्याकाळपर्यंत वाळतो."

"मग कर की सुरू."

"नाही," जयवंती म्हणाली.

अनंताला वाटलं, ती थट्टा करते आहे.

"डाग काढणं वेगळं, काका. ते आजाऱ्याला पाणी पाजण्यासारखं, कुणाला विचारायची गरज नाही. सगळा गालिचा धुवायचा म्हणजे मालकाचा होकार लागतो. धुतल्यावर दोन-तीन ठिकाणी कसरीनं खाल्लेलं दिसेल, आत्ता ते मळानं बुजलंय. झालर उसवलेली आहे. उद्या सर म्हणाले, माझा गालिचा कुणाला विचारून धुतलास, तर मी काय सांगू? तुम्ही जा, सरांना सांगा. ते हो म्हणाले की मशीन चालू."

"कार्यक्रम झाला की सांगतो ना. शपथ."

"आधी."

"त्यापेक्षा असं करू," अनंता घाईघाईनं म्हणाला, "तेवढ्यावर जरा माती चोळू. चहाचं पानी मारू थोडं. बाकीच्यासारखं दिसेल."

हे ऐकल्यावर मात्र जयवंतीचं टाळकं सरकलं. "नऊ वर्षं मी घाण काढायला शिकले. लावायला नाही शिकले. घेऊन जायचा असेल तर न्या गालिचा, घरी जाऊन काय चोळायचं ते चोळा. माझ्या दारात नाही."

ती आत जाऊन मशीनचा पाईप पुसत बसली. खरं सांगायचं तर तिला आत बसवत नव्हतं. या माणसाची सव्वीस वर्षं आपण पणाला लावली आहेत हे तिला कळत होतं. सर कडक होते. जुडगा गेला तर हा माणूस आपल्याकडे पुन्हा बघणार नाही, आणि त्याचं चुकणार नाही. मशीन चालू करायला एक खटका दाबायचा होता. तिनं तो दाबला नाही.

मग ठकीकाकीचा आवाज आला, हळू पण स्पष्ट. "जा तुम्ही. पोरगी गेली सासरी, तिच्यासाठीच नेला होता ना? तेवढंच सांगा."

अनंता चालत गेला. तासाभरानं सरांच्या स्कूटरवर मागं बसून आला.

सर गालिच्याजवळ आले आणि त्या हिरव्या पानांकडे बघत उभे राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसले आणि पानावरून बोट फिरवलं. "मी याला तपकिरी समजत होतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा आलो वाचनालयात तेव्हा चौथीत होतो. तेव्हाही तपकिरीच होता."

सर उठले, अनंताकडे वळले आणि त्यांनी हात पुढं केला. तळवा वर करून.

अनंताला कळलं. तो कमरेची दोरी सोडायला लागला. सव्वीस वर्षांत ती गाठ कधी सुटली नव्हती, त्यामुळे ती सुटेना. त्यानं नखं लावली, दातही लावून बघितले. जयवंतीनं तोंड फिरवलं. शेवटी गाठ सुटली आणि सात किल्ल्यांचा जुडगा सरांच्या हातात गेला. सरांनी तो झब्ब्याच्या खिशात टाकला.

"फाटणार नाही ना?" त्यांनी जयवंतीला विचारलं.

"नाही फाटणार. पण भोकं दिसतील, तीन. आणि झालर मला शिवावी लागेल. हे आधीच सांगते आहे."

"कर," सर म्हणाले, आणि स्कूटर चालू करून निघून गेले.

मग कामाला जोर आला. गालिचा बांबूंवर उलटा टाकून जयवंती आणि अनंता दोन्ही बाजूंनी छड्या घेऊन उभी राहिली. माती पडली, वाळू पडली, निवडणुकीची शाई लागलेला कापसाचा बोळा पडला, एका बालनाट्यातली टिकली पडली. घमेली भरली. अनंता नुसता झोडत होता. मग व्हॅक्युम, मग औषध, मग मशीन, हात हात पट्टा धरून, धाग्याच्या कलानं. मशीनच्या टाकीत येणारं पाणी आधी काळं होतं, मग तपकिरी, मग नागलीच्या आंबिलीसारखं, आणि सातव्या खेपेला स्वच्छ. तेव्हा कुठं जयवंतीनं मशीन बंद केली.

शुक्रवारी दिवसभर गालिचा शेडमध्ये विटांवर बांबू टाकून वाळत होता, खालून वरून वारा लागेल असा. जयवंती झालर शिवत होती आणि बोलत होती. अनंताला ऐकायचं आहे की नाही हे तिनं विचारलं नाही.

"आठवड्यातून दोनदा झाडायचा, पण खराट्यानं नाही, मऊ झाडूनं, आणि लोकरीचे केस ज्या अंगाला झुकतात त्याच अंगाला. सहा महिन्यांनी फिरवून टाकायचा, म्हणजे दाराकडची बाजू भिंतीकडे. चालणं एकाच जागी नको. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला पाठ उन्हाला दाखवायची, तोंड नाही. ओल्या जमिनीवर कधी टाकायचा नाही. काही सांडलं तर कोरडं फडकं दाबायचं, कडेकडून मधे, आणि मला फोन. दोन वर्षांनी एकदा पूर्ण धुवायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाळू. चपलेला लागून येते, मुळाशी जाऊन बसते आणि वरून पाऊल पडलं की धागा कापते. भोकं पडतात ती कसरीनं कमी, वाळूनं जास्त."

"मला कशाला सांगतेस," अनंता म्हणाला. "किल्ली सरांकडे हाय."

"ऐकून ठेवा," जयवंती म्हणाली.

संध्याकाळी गालिचा वर नेला तेव्हा सर हॉलच्या दाराशी जुडगा घेऊन झगडत होते. चार किल्ल्या लावून झाल्या, पाचवी लागेना. अनंता शेजारीच उभा होता. कुठली ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं, पण त्यानं सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. जयवंतीला दोघांचा संताप आला. सातवी किल्ली लागली.

शनिवारी सकाळी जयवंती हॉलच्या मागच्या कोपऱ्यात होती, कडा नीट बसल्या आहेत का बघायला आलेली. खिडक्यांतून ऊन आलं होतं आणि अख्खा हॉल हिरवा झाला होता. वेली, पानं, लाल फुलं, मधली दुधाळ जमीन. तीन भोकं होती, तिनं आतून पट्टी लावून ती सांधली होती, शोधली तर सापडतील अशी. आपण काय काम केलंय हे तिला माहीत होतं, आणि तिचा ऊर भरून आला होता.

दारात अनंता उभा होता, इस्त्रीचा शर्ट, अनवाणी. कंबर मोकळी. खालून जिन्यावर पावलं वाजली. पुढं हेमंत सर, मागं पालघरचे पाहुणे, त्यांच्या मागं गावातली मंडळी. सरांच्या पायात नवे काळे बूट होते. ते पाहुण्यांशी बोलत बोलतच उंबऱ्याशी आले आणि पाय उचलला.

अनंता मधे आला.

"सर," तो म्हणाला, "बूट बाहेर."

एक पाहुणे दुसऱ्याकडे बघायला लागले. शिपायानं सचिवाला दारात अडवलेलं त्या वाचनालयात कुणी बघितलं नव्हतं. सरांनी अनंताकडे बघितलं. अनंताची मान ताठ होती.

"वाळू आत जाते," अनंता म्हणाला. "मुळाशी बसते नि धागा कापते. चालेल म्हटलं तं पंचाहत्तर वर्षं चालवलंच आपन. आता नाय."

सर भिंतीला हात टेकून बूट काढायला वाकले, तसा खिशातला जुडगा खणखणत बाहेर सरकायला लागला. त्यांनी तो काढला आणि "धर जरा" म्हणून अनंताच्या हातात दिला. एक बूट निघाला. नाडीची गाठ बसली होती, दुसऱ्याला वेळ लागला. मग मोज्यांनिशी सर गालिच्यावर गेले आणि दोन पावलांवर थांबले. पायाखाली काय लागतंय ते बघत असावेत.

अनंतानं जुडगा पुढं केला. "सर, किल्ल्या."

"असू दे तुझ्याकडे," सर मागं न वळता म्हणाले. "मला कुठली कशाची तेच कळत नाही. आणि अनंता, पुढच्या वेळी माग. नाही म्हणेन मी. पण माग."

जयवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. दारात अनंता दोरी कमरेला बांधत होता. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग त्यानं शर्ट खाली ओढला, उंबऱ्यात उभा राहिला आणि पालघरच्या पाहुण्यांच्या पायांकडे बघून मघाच्याच आवाजात म्हणाला, "साहेब, बूट."